विनोदाच्या बैठकीत कोण होतं?

‘ब्लेझिंग सॅडल्स’ आज काढताच आला नसता. विनोद आणि दुखावलेल्या भावना यांवरून वाद पेटला की हे वाक्य हमखास येतं. अमेरिकेत ते गेली कित्येक वर्षं ऐकू येतंय आणि हॉलिवूडवर प्रेम करणाऱ्या आपल्या मंडळींनीही ते जसंच्या तसं उचललंय. मेल ब्रूक्स यांचा 1974 सालचा हा वेस्टर्न (म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गुराखी-बंदूकबाजांवरचा) विनोदपट काळ्या माणसांसाठीच्या त्या हीन शिवीने भरलेला आहे. एक बाजू म्हणते, तेव्हाचे लोक दिलदार होते, आता सगळ्यांची कातडी पातळ झाली. दुसरी बाजू म्हणते, आज असा सिनेमा निघत नाही हेच बरं. दोघांचं भांडण मात्र एकाच चुकीच्या समजुतीवर उभं आहे. सिनेमा म्हणजे काही चालणाऱ्या आणि काही न चालणाऱ्या शब्दांची बेरीज, असं दोघेही धरून चालतात. मला हे मुळातच पटत नाही. या सिनेमातला विनोद जिथे अजून जिवंत आहे, तिथे ज्यांच्यावर विनोद होतोय त्यांच्यापैकी कुणीतरी लिहिणाऱ्यांत किंवा साकारणाऱ्यांत होतं, आणि त्याच्या शब्दाला वजन होतं. जिथे तो आज मेल्यासारखा वाटतो, तिथे तसं कुणीच नव्हतं. म्हणून आज निघेल का यापेक्षा तो तेव्हा कुणी लिहिला, कुणी उभा केला आणि कुणाला बाहेर ठेवलं, हे विचारण्यात जास्त अर्थ आहे.

सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. साल 1874. रेल्वेचा मार्ग रॉक रिज नावाच्या गावावरून जाणार, म्हणून हेडली लमार हा बेरकी राजकारणी ती जमीन गिळायला निघालाय. गावकऱ्यांनी आपणहून गाव सोडावं यासाठी तो त्यांच्यावर एक काळा शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, नेमतो. हा शेरीफ म्हणजे बार्ट. कालपर्यंत रूळ टाकणारा मजूर आणि फाशीच्या दोरापासून एक पाऊल दूर असलेला माणूस. ती भूमिका क्लेव्हन लिटल यांनी केली. पहिल्याच प्रसंगात गोरे मुकादम उन्हात राबणाऱ्या काळ्या मजुरांना दरडावतात, तुमच्यातलं एखादं गाणं म्हणा. मजूर एकमेकांकडे बघतात आणि कोल पोर्टर यांचं ‘आय गेट अ किक आउट ऑफ यू’ हे उंची क्लबात शोभेल असं गाणं तितक्याच नजाकतीने गातात. मुकादमांना ते कळतच नाही. त्यांना ‘कॅम्पटाउन’चं जुनं गाणं हवं असतं. ते कसं म्हणायचं हे दाखवायला शेवटी तेच धुळीत उड्या मारत नाचू लागतात. हे गाणं मिन्स्ट्रेल खेळांतलं आहे, म्हणजे गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करत त्या खेळांमधलं. इथे मात्र रंग न लावलेले गोरे स्वतःच ती नक्कल करतात आणि काळे मजूर बघत राहतात. गोऱ्या करमणुकीचा शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास दोन-तीन मिनिटांत उलटा टांगलाय. या प्रसंगात शिवी आहेच. पण हसू कुणावर येतं?

पुढचा गावात शिरण्याचा प्रसंग तर मी विनोद लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला दाखवेन. नवा शेरीफ काळा आहे हे दिसताच स्वागताला जमलेलं अख्खं गाव बंदुका रोखतं. तेव्हा बार्ट स्वतःच्याच मानेला पिस्तूल लावून स्वतःला ओलीस धरतो. एका आवाजात तो दरडावतो, कुणी हललात तर या काळ्याला उडवीन. दुसऱ्या आवाजात गयावया करतो, मला वाचवा हो. गाव घाबरून बंदुका खाली ठेवतं. गोऱ्या अमेरिकेने काळ्या पुरुषाच्या दोनच प्रतिमा मनाशी बाळगल्या होत्या. एक म्हणजे हिंस्र गुंड, दुसरी म्हणजे थरथरणारा नोकर. बार्ट दोन्ही एकाच वेळी पांघरतो, कारण समोरच्यांना त्याखेरीज काही दिसणारच नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ज्याने आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत या दोन प्रतिमा पाहिल्या, त्याच्याच हाती हे हत्यार शोभतं. नंतर एक म्हातारी भर दिवसा बार्टला शिवी देते आणि रात्री त्याच्या खिडकीशी येऊन गुपचूप घरी भाजलेला ‘अॅपल पाय’ हा गोड पदार्थ हाती देते. मी तुझ्याशी बोलले हे कुणाला सांगू नकोस, एवढीच तिची विनंती. हे समजायला मराठी वाचकाला अमेरिकेचा इतिहास वाचावा लागत नाही. उजेडात विटाळ पाळायचा आणि अंधारात गरज भागवायची, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिलंय.

काळा शेरीफ ही कल्पनाच त्या काळच्या प्रेक्षकाला हास्यास्पद का वाटली असेल, हेही विचारायला हवं. अमेरिकेच्या खऱ्या पश्चिमेत काळे गुराखी हजारोंनी होते. गुलामीत जन्मलेले बास रीव्ह्ज 1875 साली, म्हणजे सिनेमातल्या काळानंतर वर्षभरात, मूळनिवाशांसाठी राखलेल्या इंडियन टेरिटरीत डेप्युटी यू.एस. मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी, झाले आणि तीसेक वर्षं त्यांनी गुन्हेगारांचा पाठलाग केला. 1869 साली पूर्ण झालेल्या आंतरखंडीय रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग मुख्यतः चिनी मजुरांनी बांधला. या माणसांना इतिहासातून पुसण्याचं काम हॉलिवूडच्या ‘गंभीर’ वेस्टर्न चित्रपटांनी केलं, तेही एकही शिवी न वापरता. भाषा स्वच्छ आणि पडद्यावर फक्त गोरा माणूस. त्या चित्रपटांना कुणी आक्षेपार्ह म्हटलं नाही. शब्दांवर पहारा ठेवून न्याय होतो, असं मानणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

आता लिहिणाऱ्यांकडे वळू. मूळ कल्पना अँड्र्यू बर्गमन या तरुण लेखकाची. त्यांच्या मसुद्याचं नाव होतं ‘टेक्स एक्स’, त्यात माल्कम एक्स या जहाल काळ्या नेत्याच्या नावाचा पडसाद उघड होता. अॅलन आर्किन दिग्दर्शक आणि जेम्स अर्ल जोन्स शेरीफ अशी जुळवाजुळव झाली होती, ती फिसकटली आणि वॉर्नर ब्रदर्सने ते ब्रूक्स यांच्याकडे दिलं. ब्रूक्स टीव्हीवरच्या सिड सीझर यांच्या कार्यक्रमात घडलेले. सगळे लेखक एकत्र बसणार, एकमेकांवर ओरडणार आणि ज्याचा विनोद सरस त्याचा राहणार, ही त्यांची शाळा. त्यांनी इथेही तशीच बैठक जमवली. बर्गमन, वकिली सोडून लेखनाकडे वळलेले नॉर्मन स्टाइनबर्ग, अॅलन यूगर आणि काळे विनोदकार रिचर्ड प्रायर. ज्यू असलेल्या ब्रूक्सना नेमकं कळत होतं की काळ्या माणसाच्या अपमानाबद्दल आपण एकटे लिहू शकत नाही. ती शिवी किती वेळा आणि कुणाच्या तोंडी वापरायची, हे त्यांनी प्रायरना विचारलं. प्रायरचा कौल असा की दुष्टांच्या आणि मूर्खांच्या तोंडी ती हवीच, नाहीतर सिनेमा खोटा ठरेल. मला यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. ब्रूक्स सांगतात की प्रायरचा जीव जडला तो माँगो या धिप्पाड गोऱ्या दांडगटावर, आणि त्याच्या तोंडची वाक्यं बरीचशी प्रायरची. काळा लेखक घेतला म्हणजे त्याच्याकडून फक्त काळ्यांचे विनोद घ्यायचे, असा हिशेब तिथे नव्हता. तो पूर्ण लेखक म्हणून बसला होता.

बाकीची माणसंही अशीच पारखून घेतलेली होती. लमारचा हस्तक टॅगर्ट झालेले स्लिम पिकन्स चित्रपटांत येण्यापूर्वी रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारीच्या खेळांत, घाम गाळलेले होते. शीर्षकगीतासाठी बोलावलेले फ्रँकी लेन म्हणजे ‘रॉहाइड’ या वेस्टर्न टीव्ही मालिकेच्या गाण्याचा आवाज. हे विडंबन आहे याची त्यांना कल्पना नव्हती आणि ब्रूक्सनी ती दिलीही नाही. जॉन मॉरिस यांच्या चालीवरचं ते गाणं लेन यांनी मनापासून गायलं, म्हणूनच ते इतकं उमटतं. वाको किड या दारुड्या बंदूकबाजाच्या भूमिकेत आधी गिग यंग होते. ते पहिल्याच दिवशी सेटवर कोसळले आणि जीन वाइल्डर धावून आले. वाइल्डर आणि लिटल यांच्यातली मैत्री सिनेमात इतक्या हळुवारपणे येते की त्या सगळ्या गोंगाटात तीच जास्त लक्षात राहते. टोनी पुरस्कार मिळवलेले रंगभूमीवरचे नट लिटल बार्टला जो डौल देतात, तो गावकऱ्यांच्या तोंडच्या प्रत्येक शिवीला उत्तर देतो.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा की खुद्द ब्रूक्सच म्हणतात, आज हा सिनेमा काढता आला नसता. 2017 साली बीबीसी रेडिओवर त्यांनी हे सांगितलं आणि आजच्या सावध वातावरणाला विनोदाचा मृत्यू म्हटलं. ज्याने सिनेमा काढला त्याचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही, आणि स्टुडिओंची धास्ती खरी आहे हे मी मान्य करतो. पण त्याच मुलाखतीत ते असंही म्हणाले की गॅस चेंबर किंवा नाझींच्या हातून मेलेली मुलं यांवर आपण कधीच विनोद करणार नाही. ‘द प्रोड्यूसर्स’ या आपल्या सिनेमात हिटलरवर नाचगाणं बसवणारा हा माणूस, तोही एक रेघ आखतो आणि ती आपल्या माणसांच्या दुःखापाशी आखतो. मग दुसऱ्या कुणी आपल्या माणसांच्या दुःखापाशी रेघ आखली तर तो विनोदाचा शत्रू कसा? रेघ असावी की नसावी यावर खरा वाद नाहीच. ती आखण्याचा अधिकार कुणाकुणाला मिळाला, यावर आहे.

दुसरा मुद्दा याहून बोचरा आहे. लेखकाचा हेतू कितीही शुद्ध असो, प्रेक्षक काय ऐकेल हे त्याच्या हाती नसतं. थिएटरातले काही गोरे प्रेक्षक मुकादमांच्या मूर्खपणाला न हसता थेट शिवीलाच हसले असतील, हे मी नाकारू शकत नाही. काळे विनोदकार डेव्ह शापेल यांनी 2005 साली आपला प्रचंड गाजलेला कार्यक्रम अर्ध्यावर सोडला, कोट्यवधी डॉलरच्या करारावर पाणी सोडलं. वांशिक प्रतिमांवरच्या एका प्रहसनाच्या चित्रीकरणात एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, ते हसू त्यांना खटकलं होतं. आपला विनोद चुकीच्या माणसाच्या हातचं हत्यार बनतोय हे विनोदकारालाच जाणवलं, तर त्याच्या मागे फिरण्याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. म्हणून 2020 साली एचबीओ मॅक्सने ‘ब्लेझिंग सॅडल्स’च्या आधी चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांची छोटी प्रस्तावना जोडली, तेव्हा उठलेला आरडाओरडा मला अनाठायी वाटला. सिनेमाला कात्री लागली नव्हती. एका काळ्या अभ्यासक स्त्रीने तो का पाहावा हे दोन शब्दांत सांगितलं, तर बिघडलं काय? तरीही चुकीचं हसू येईल म्हणून बरोबर हसूही बंद करा, हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या हिशेबाने सगळं विडंबनच बंद करावं लागेल, कारण अक्षरशः अर्थ घेणारे लोक प्रत्येक काळात असतात.

माझ्या बाजूचं म्हणणं खरं असेल तर सिनेमाच्या पडक्या जागांनाही ते लागू व्हायला हवं, आणि होतं. बलात्काराच्या उल्लेखावरचे विनोद आज ऐकवत नाहीत. लिहिणारे पाचही जण पुरुष होते. शेवटी मारामारी शेजारच्या स्टुडिओत घुसते तेव्हा दिसणारे नाजूक चालीचे नर्तक ही निव्वळ समलिंगी पुरुषांची टवाळी आहे. त्यात कुणावर काही उलटत नाही, जे आधीच खाली आहेत त्यांना आणखी खाली ढकललंय, एवढंच. यिडिश ही ज्यूंची भाषा बोलणारा मूळनिवासी (‘रेड इंडियन’) टोळीप्रमुख, जो ब्रूक्सनी स्वतः केला, त्याबद्दल माझं मन अजून दुभंगलेलं आहे. हॉलिवूडने मूळनिवाशांच्या भूमिका वर्षानुवर्षं वाटेल त्याला रंग फासून दिल्या, त्यावरचा तो टोला आहे. पण टोला मारतानाही रंग फासलेला बिगर-मूळनिवासीच होता आणि खरा मूळनिवासी त्या प्रसंगात कुठेच नाही. याउलट मॅडलिन कान यांची लिली बघा. जुन्या जर्मन तारका मार्लिन डिट्रिशच्या धाटणीची ही क्लबातली गायिका, पुरुषांच्या प्रेमाला विटलेली. गाणं ब्रूक्सचं, पण कान यांनी ते मुद्दाम बेसूर लोंबकळत, जांभया दिल्यासारखं गायलं. समोर लाळ गाळणारे गुराखीच त्यात हास्यास्पद ठरतात. स्त्रियांवरचा जो एक विनोद या सिनेमात टवटवीत आहे, तो एका स्त्रीने आपल्या हाती घेतलेला आहे. ऑस्करच्या तीन नामांकनांपैकी एक त्यांचं होतं.

आणि तेव्हा सगळं चालत होतं, हे तरी खरं आहे का? वॉर्नरच्या अधिकाऱ्यांनी हा सिनेमा पाहिला तेव्हा प्रेक्षागृहात सन्नाटा होता. शिवी काढा, घोड्याला ठोसा मारणं काढा, शेकोटीभोवतीच्या गुराख्यांच्या पोटातले आवाज काढा, अशी यादी ब्रूक्सपुढे आली. त्यांनी ती उतरवून घेतली आणि केराच्या टोपलीत टाकली. अंतिम संकलनाचा हक्क करारात त्यांच्याकडे होता, म्हणून ते टाकू शकले. त्या काळाच्या दिलदारपणाशी याचा काडीचा संबंध नाही. ब्रूक्सनी त्याच स्टुडिओतल्या सेक्रेटरी आणि इतर कर्मचाऱ्यांना सिनेमा दाखवला तेव्हा हशा उसळला. सुमारे 26 लाख डॉलरमध्ये काढलेल्या या सिनेमाने पुढे सुमारे 12 कोटींची कमाई केली. आपल्याकडे त्याच सुमारास, डिसेंबर 1972 मध्ये, पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं आणि काही प्रयोगांतच ते बंद पाडलं गेलं. थिएटर अॅकॅडमी ही नवी संस्था उभी राहिली तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. आज ‘घाशीराम’ शक्यच नाही, असं म्हणणारे हे विसरतात की तेव्हाही ते शक्य नव्हतं, ते शक्य करावं लागलं. भूतकाळाला उदार ठरवलं की त्या काळात झगडलेल्यांचं श्रेय काळाच्या खात्यावर जमा होतं, आणि मला हे अन्यायाचं वाटतं.

शब्द मोकळे असले की विनोद आपोआप उभा राहतो, या समजुतीची परीक्षाही होऊन गेली आहे. 1975 साली अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर याच कथेवरून ‘ब्लॅक बार्ट’ नावाचा टीव्ही-भाग दाखवला गेला. लुई गॉसेट ज्युनिअरसारखा कसलेला नट, तोच काळ, तीच कल्पना. ब्रूक्स नाहीत, प्रायर नाहीत. मालिका पुढे गेलीच नाही. उलट टोकाचा प्रयोग 2022 चा. ‘पॉज ऑफ फ्युरी’ हा अॅनिमेशनपट याच पटकथेवर बेतलेला, श्रेयनामावलीत जुन्या पाचही लेखकांची नावं, ब्रूक्सचा आवाज. पण शेरीफच्या जागी मांजरांच्या गावात आलेला कुत्रा. वंशाचा काटा काढून टाकला आणि कुणालाच काही टोचलं नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. एकात शिवीची मोकळीक होती, दुसऱ्यात भाषा धुतलेली होती. मग आज ‘ब्लेझिंग सॅडल्स’ निघत नाही याचा सगळा दोष संवेदनशीलतेवर कसा टाकायचा? थिएटरसाठी मध्यम खर्चाचे विनोदपट काढणंच स्टुडिओंनी जवळपास सोडलंय. विनोद भाषेत अडकतो, परदेशी बाजारात विकला जात नाही, आणि त्याचे दहा भाग काढता येत नाहीत. पैशाचं हे कारण कुणी मोठ्याने बोलत नाही, कारण विद्यार्थ्यांना आणि अल्पसंख्याकांना दोष देणं सोपं जातं.

राहिले प्रायर. ब्रूक्सना बार्टच्या भूमिकेसाठी तेच हवे होते. स्टुडिओने नकार दिला. त्यांच्या व्यसनाची आणि बेभरवशीपणाची भीती कारण म्हणून पुढे केली गेली. म्हणजे ज्याच्या लेखणीशिवाय सिनेमा उभा राहिला नसता, त्याला त्याच सिनेमात तोंड दाखवायला बंदी झाली, आणि हे त्या ‘बिनधास्त’ म्हणवल्या जाणाऱ्या 1974 च्या हॉलिवूडमध्ये झालं. दोनच वर्षांनी ‘सिल्व्हर स्ट्रीक’मध्ये आणि 1980 साली सिडनी पॉटिए यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘स्टर क्रेझी’मध्ये प्रायर आणि वाइल्डर एकत्र आले, आणि ‘स्टर क्रेझी’ने दहा कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. स्टुडिओला जो नट धोक्याचा वाटला, त्याच्यावर प्रेक्षकांनी जीव टाकला. त्याच्या एक वर्ष आधी, 1979 मध्ये, प्रायर केनियाला जाऊन आले होते. सगळ्या जागी, सगळ्या कामांत काळी माणसं पाहिल्यावर त्यांना जाणवलं की ती शिवी लागू पडेल असं इथे कुणीच नाही. त्यांनी ती आपल्या तोंडून कायमची काढून टाकली आणि 1982 च्या ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’मध्ये हजारो लोकांसमोर तसं सांगितलं. कुणी त्यांच्यावर बंदी घातली नव्हती, कुणी मोर्चा आणला नव्हता. ज्या माणसाने ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये ती शिवी वापरायला हवी असं सांगितलं, त्यानेच काही वर्षांनी ती टाकून दिली. दोन्ही वेळी ठरवणारा तोच होता.